औषध जपून ठेवलंय, पण जवळ आहे का?



२०२५ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या आपोटेकेंमध्ये एक नवी वस्तू आली आणि तेव्हापासून आमच्याकडे तिच्याविषयी विचारणा चालू आहे. तीव्र अ‍ॅलर्जीच्या झटक्यावर घरच्या घरी देता येण्याजोगा उपाय म्हणजे आजवर एकच होता: मांडीत टोचायचे अ‍ॅड्रेनालिनचे पेन. आता त्याच अ‍ॅड्रेनालिनचा नाकात मारायचा फवारा मिळू लागला आहे. नाव 'युरनेफी'. युरोपीय आयोगाने त्याला ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी दिली. सुई नाही म्हटल्यावर आईबापांचा जीव भांड्यात पडणे साहजिक आहे. "मग ते जुने पेन आता ठेवायचे की टाकायचे?" असे आम्हाला किमान चार घरांतून विचारले गेले.

उत्तर पुढे देतोच. पण हा प्रश्न ऐकला की आम्हाला आमच्याच मंडळाची एक संक्रांत आठवते, म्हणून आधी ती सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाड्याने घेतलेला हॉल, हळदीकुंकू आणि त्याला जोडून छोट्यांचे बोरनहाण. इथे बोरं कुठली मिळायला? तेव्हा चुरमुरे, हलवा, चॉकलेटं, रेवड्या आणि कुणीतरी हौसेने आणलेली चिक्की असा सगळा खाऊ मुलांच्या डोक्यावरून ओतला गेला आणि मग रीतीप्रमाणे सगळी पोरं जमिनीवर तुटून पडली. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे तिच्या आईवडिलांना पक्के ठाऊक होते. त्यांनी तिळगुळाच्या लाडवात दाण्याचे कूट आहे का, हे दारातच विचारून घेतले होते. जमिनीवरच्या चिक्कीचा विचार मात्र कुणाच्याच मनात आला नाही. आमच्याही नाही, आणि कार्यक्रम आमचा होता.

पाच-सात मिनिटांत तिच्या मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले, मग खोकला आणि घरघर सुरू झाली. आईने पर्स उलटी केली. औषधाची पिशवी पर्समध्ये नव्हती. ती गाडीत होती, पुढच्या कप्प्यात, "हरवू नये म्हणून". आणि गाडी घेऊन वडील एस-बान स्टेशनवर आजी-आजोबांना आणायला गेले होते. आम्ही ११२ ला फोन लावला. त्यानंतरची मिनिटे कशी गेली ते इथे लिहीत नाही. रुग्णवाहिका आणि वडिलांची गाडी जवळजवळ एकदमच पोचल्या. डॉक्टरांनी स्वतःकडचे इंजेक्शन दिले, मुलीला रात्रभर रुग्णालयात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी ती हसत घरी आली. पण एक गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. वडिलांनी धापा टाकत पुढे केलेले पेन डॉक्टरांनी हातात घेतले, ते किती दिवस गाडीत आहे असे विचारले, आणि बाजूला ठेवून दिले. जानेवारीचा महिना होता, रात्री पारा शून्याच्या बराच खाली जात होता आणि पेन पंधरा दिवस गाडीतच होते.

आपल्याकडे औषध 'जपून' ठेवायचे म्हणजे काय करायचे, हे आपण आपल्या आया-आज्यांकडून शिकलो. उंच फळीवर ठेवायचे, कपाटात कुलपात ठेवायचे, पोरांचा हात पोचणार नाही असे ठेवायचे. बहुतेक औषधांना ते बरोबरच आहे. या एका औषधाला मात्र ती सवय घातक आहे. धाकट्या भावंडाने खेळायला घेऊ नये इतकी काळजी हवी, पण कुलूप नको. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारातही हात घालून काढता येईल अशी एकच ठरलेली जागा हवी. मूल घराबाहेर पडले की पिशवीही त्याच्याबरोबर बाहेर पडली पाहिजे. मुलाबरोबर, आईबरोबर नव्हे. आई स्वयंपाकघरात आणि मूल शेजारच्या बागेत असेल, तर पिशवी बागेत. कमरेला बांधायची छोटी पिशवी यासाठी उत्तम, आणि सात-आठ वर्षांची मुले ती अभिमानाने वागवतात असा आमच्यातल्या दोन घरांचा अनुभव आहे.

आता तापमानाविषयी. जर्मनीत सर्रास मिळणारी दोन पेने म्हणजे फास्टजेक्ट आणि जेक्स्ट. दोन्ही २५ अंशांच्या वर ठेवू नयेत, गोठू देऊ नयेत, आणि उजेडापासून वाचवावीत. फ्रिजमध्येही ठेवायची नाहीत. हे मुद्दाम सांगायचे कारण म्हणजे आपल्या घरांत मधुमेहामुळे इन्सुलिनची ओळख फार जुनी. टोचायचे औषध दिसले की आजी ते प्रेमाने नेऊन दुधाशेजारी ठेवते. एका घरात असे पेन तीन आठवडे फ्रिजच्या दारात होते आणि कुणालाही त्यात वावगे वाटले नाही. इन्सुलिनचा नियम वेगळा, याचा वेगळा.

उन्हाळ्यात गाडी हा खरा शत्रू. जर्मनीतला उन्हाळा म्हणजे काय, असे आपण नागपूर-सोलापूरची माणसे हसून म्हणत असू. २५ जुलै २०१९ रोजी ऱ्हाइनकाठी डुइसबुर्गजवळ ४१.२ अंश नोंदले गेले आणि ते हसणे थांबले. बाहेर तीस अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात पन्नासच्या वर पारा जातो. तळ्यावर पोहायला गेलात तर पिशवी गाडीत ठेवू नका, टॉवेलच्या सावलीत, कापडात गुंडाळून बरोबर ठेवा. थर्मासच्या पिशवीत ठेवणार असाल तर बर्फाच्या थैलीला चिकटवून ठेवू नका. थंडीत उलट करा: कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. पेनला छोटी खिडकी असते, महिन्यातून एकदा तिच्यातून पाहा. द्रव गढूळ किंवा तपकिरी दिसला तर पेन बदलायचे. मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधी आठवण होईल अशी घाला, कारण दुकानातून घेतानाच पेनवर साधारण दीड-एक वर्षच उरलेले असते. मुदत संपलेले सोडून दुसरे काहीच हाताशी नसेल आणि द्रव स्वच्छ असेल, तर झटक्याच्या वेळी काहीच न देण्यापेक्षा ते द्यावे असे डॉक्टर सांगतात. पण तो नाइलाज झाला, नियोजन नव्हे.

पेन एक हवे की दोन, यावर इथे अजून एकमत नाही, आणि आमच्या मते पालकांनी जिथे थोडे हट्टी व्हावे अशी ही जागा आहे. युरोपीय औषध संस्थेने जून २०१५ मध्ये स्पष्ट म्हटले की रुग्णाला दोन पेने लिहून द्यावीत आणि ती त्याने सतत जवळ बाळगावीत. पहिल्या डोसाने काही झटके आटोक्यात येत नाहीत, सुई नीट लागत नाही, घाईत पेन वाया जाते. जर्मन वैद्यकीय संघटनांची २०२१ ची मार्गदर्शिका मात्र दुसरे पेन सरसकट द्या असे म्हणत नाही, कारण असेल तर द्या असे म्हणते. त्या कारणांत आधी आलेला अतितीव्र झटका, आटोक्यात नसलेला दमा, रुग्णालय दूर असणे ही आहेत. आणि किटा किंवा शाळेत वेगळा संच ठेवावा लागणे हेही आहे. म्हणजे मूल किटात जात असेल तर तुमच्याकडे कारण आहेच. डॉक्टरांना ते नेमक्या शब्दांत सांगा. सरकारी विम्यात १८ वर्षांखालील मुलांना प्रिस्क्रिप्शनच्या औषधावर पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांना २०१६ मध्ये दोन पेनांच्या जोडीला सहाशे डॉलरच्या वर किंमत दिसत होती, हे आठवले की इथली सोय किती मोठी ते कळते. पण औषध स्वस्त असले तरी दुकानात असेलच असे नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्यातल्या अडचणींमुळे जगभर या पेनांची टंचाई झाली, आणि मे २०२३ मध्ये ब्रिटनने 'इमरेड' नावाची पेने परत मागवली, कारण काही पेने दाबूनही सुई बाहेर येईल याची खात्री नव्हती. शेवटच्या आठवड्यावर टाकू नका ते यासाठी.

आणखी एक. डॉक्टरने वेगळ्या कंपनीचे लिहिले, दुकानात वेगळे मिळाले, तर 'पेन ते पेन' असे समजू नका. फास्टजेक्टची निळी टोपी काढायची आणि सुई नारिंगी टोकाकडून येते. जेक्स्टची टोपी पिवळी आणि सुई काळ्या टोकाकडून. घाबरलेल्या माणसाने उलटे धरले की सुई त्याच्याच अंगठ्यात जाते, हे पुष्कळदा घडलेले आहे. सुईविना सरावाचे पेन मिळते, आपोटेकेत मागा, आणि घरात चहाच्या वेळी सगळ्यांनी दोन-चारदा स्वतःच्या मांडीवर दाबून पाहा. मांडीची बाहेरची बाजू, पँटवरून चालते.

आता नव्या फवाऱ्याचे. जमेच्या बाजू खऱ्या आहेत. सुईची भीती गेली की पालक द्यायला कमी कचरतात, आणि देण्यातली दिरंगाई हाच या आजारातला मोठा धोका आहे. उन्हाबाबतही तो पेनाइतका नाजूक नाही; गोठू मात्र द्यायचा नाही. 'चालतो का ते बघू' म्हणून आधी हवेत मारून पाहू नका, आत एकच डोस असतो. पण दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. पहिली, युरोपात ज्या २ मिलिग्रॅमच्या फवाऱ्याला प्रथम परवानगी मिळाली तो ३० किलो आणि त्यावरील वजनासाठी आहे. आमच्या त्या संक्रांतीतल्या सहा वर्षांच्या मुलीला तो चालला नसता. दुसरी, त्याची परवानगी निरोगी माणसांच्या रक्तात औषध किती आणि किती लवकर पोचते, या मोजणीवर प्रामुख्याने आधारलेली आहे. झटका आलेल्या माणसावर मुद्दाम प्रयोग करणे नैतिकदृष्ट्या शक्यच नसते, त्यामुळे यात लपवाछपवी काही नाही. पण पेनामागे अनेक दशकांचा अनुभव आहे, तो फवाऱ्यामागे साठायला वेळ लागेल. तेव्हा पेन टाकू नका. मूल तीस किलोच्या पुढे असेल आणि सुईला फार घाबरत असेल, तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांशी बोला. आणि फवारा घेतलात तरी तो गाडीत विसरला तर त्याची गत पेनासारखीच.

आपल्या खाण्याविषयी बोलायलाच हवे. युरोपीय संघाच्या नियमाने १३ डिसेंबर २०१४ पासून चौदा अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती सुट्या पदार्थांबाबतही देणे बंधनकारक आहे. त्या चौदांत शेंगदाणे, काजू-बदाम-पिस्ते, दूध, गहू, मोहरी आणि तीळ आहेत. हरभरा नाही. म्हणजे ज्याला बेसनाचे वावडे आहे त्याला इथले लेबल पुरेसे नाही. भारतातल्या यादीत तर तीळ आणि मोहरीही नाहीत, त्यामुळे गावाहून आलेल्या पाकिटावर तीळ ठळक छापलेला नाही म्हणजे तो आत नाही, असे समजू नका. आणि मंडळाच्या कार्यक्रमाला प्रत्येकीने घरून केलेल्या डब्याला हा युरोपीय नियम लागू होत नाही. काटेरी हलव्याच्या प्रत्येक दाण्याच्या पोटात बहुधा तीळ असतो, हे आपल्याला इतके ठाऊक आहे की आपण ते कुणाला सांगतच नाही. वर्षाच्या बाळाला हलव्याचे दागिने घालतो आणि बाळ ते चोखते!

तिळाने काय होऊ शकते याचे उदाहरण युरोपात सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०१६ मध्ये नताशा एडनन-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी लंडनहून नीसला निघाली होती. विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ होते, पाकिटावर तसे लिहिलेले नव्हते. विमानात वडिलांनी तिला दोन्ही पेने दिली, तरी ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांच्या लढ्यातून ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून तिच्या नावाने ओळखला जाणारा लेबलचा कायदा आला. पेन जवळ असले की झाले, असे आम्ही म्हणत नाही ते यामुळेच. पेन दिल्यावर लगेच ११२, मुलाला आडवे करून पाय उंच, श्वास लागत असेल तर बसवून. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून उठून चालायला मुळीच लावायचे नाही. पाच-दहा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस. उतार पडला तरी रुग्णालय, कारण झटका काही तासांनी परत उलटू शकतो. फोनवर जर्मन आठवेनासे होते, तेव्हा एकच वाक्य पाठ करा: "माइन किंट हाट आइनेन आलेर्गिशेन शॉक", आणि पाठोपाठ पत्ता.

आजी-आजोबा तीन-तीन महिने येऊन राहतात, मुलांना तेच सांभाळतात, आणि पेनावरची जर्मन सूचना त्यांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेला कागद फ्रिजच्या दारावर लावा. (पेन नव्हे, कागद!) त्यांच्या दोन समजुतींवर प्रेमाने पण स्पष्ट बोला. एक, "अ‍ॅव्हिल दिली की उतरतं." अ‍ॅव्हिल किंवा सेटिरिझिनसारखी गोळी खाज आणि गांधी कमी करते, बंद होत चाललेली श्वासनलिका किंवा घसरलेला रक्तदाब ती वेळेत सावरत नाही. संचात तीही असते, पण श्वास किंवा भोवळ असेल तर पहिला मान अ‍ॅड्रेनालिनचा. दुसरी समजूत, "थोडं थोडं दिलं की सवय होते." गंमत अशी की यात अर्धे सत्य निघाले. २०१५ मध्ये लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात, धोका असलेल्या तान्ह्या मुलांना लवकर शेंगदाणा द्यायला सुरुवात केली तर त्यांच्यात अ‍ॅलर्जी कितीतरी कमी उद्भवते, असे दिसले. पण ते अ‍ॅलर्जी होण्याआधीचे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचे. झालेल्या अ‍ॅलर्जीवर आजीने गुपचूप चिमूटभर कूट देणे म्हणजे तो अभ्यास नव्हे.

किटा आणि शाळा. "आम्ही औषध देत नाही" असे उत्तर काही पालकांना मिळाले आहे. रोजच्या औषधाबाबत शिक्षकावर सक्ती करता येत नाही हे खरे. लेखी संमती आणि डॉक्टरांचा आराखडा देऊन ती जबाबदारी त्यांनी स्वेच्छेने घ्यावी लागते. पण जीवावरच्या प्रसंगी मदत करणे जर्मन फौजदारी कायद्याच्या कलम ३२३ सी नुसार प्रत्येकाचे कर्तव्य आहे. कायदा तोंडावर फेकून मात्र काही साधत नाही. शिक्षकांना भीती असते ती चुकीचे देण्याची. सरावाचे पेन घेऊन जा, वीस मिनिटे बसा, त्यांच्या हातात द्या. १८९७ साली हेलिगोलँड बेटावर गवतज्वराच्या रुग्णांनी सुरू केलेली जर्मन अ‍ॅलर्जी आणि दमा संघटना आजही पालकांना आणि किटांना सल्ला देते, तिचा उपयोग करा. आणि संच मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद खोलीत न ठेवता वर्गाजवळ ठेवावा, एवढे लिहून घ्या.

भारतात जाताना पेने हातातल्या सामानातच, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह; मोठ्या बॅगेत नकोत, बॅग चुकली की सुट्टीभर काहीच नाही. तिकडे अशी पेने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील असे गृहीत धरू नका, परत येईपर्यंत पुरतील इतकी न्या. ११२ हा नंबर तिकडेही चालतो आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. मे महिन्यात विदर्भात जाणार असाल तर गाडीविषयी वर लिहिलेले पुन्हा एकदा वाचा.

यापुढे मंडळाच्या कार्यक्रमात बोरनहाणाचा खाऊ आम्हीच आणू, त्यात शेंगा, चिक्की, रेवड्या आणि हलवा नसेल. हलवा वेगळ्या ताटात, नाव लिहून. प्रत्येक डब्यासमोर दाणे, तीळ, काजू, दूध, बेसन यांपैकी काय आहे ते लिहायला कागद आणि पेन (शाईचे) ठेवलेले असेल. ज्यांच्या मुलांकडे औषधाचा संच आहे त्यांनी दारात नाव सांगावे. कोट आणि पर्सा बाहेरच्या खोलीत ठेवल्या तरी ती पिशवी आत आणावी. चहाच्या टेबलाशेजारी लाल कापडाची एक टोपली असेल, मूल आसपास असेपर्यंत पिशवी तिथे ठेवली तरी चालेल. सरावाची पेने आमच्याकडे दोन आहेत, एक निळ्या टोपीचे आणि एक पिवळ्या टोपीचे. तीही त्याच टेबलावर असतील. आजी-आजोबांना जरूर घेऊन या.